विश्लेषण : मूल होण्यासाठीचा उपचार सामान्यांना परवडणार कधी?

देशातील पहिली शास्त्रीयदृष्ट्या प्रमाणित ‘टेस्ट ट्यूब बेबी’ मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात जन्मली, त्याला आता चार दशके होत आली. म्हणजे आयव्हीएफचा आपल्याकडचा पाळणा सरकारी रुग्णालयातच हलला. आज मात्र हा उपचार म्हटला की शहरातली चकचकीत खासगी केंद्रे, मासिक हप्त्यांच्या जाहिराती आणि लाखांचे आकडे डोळ्यांपुढे येतात. विकसनशील देशांत वंध्यत्वाचे प्रमाण श्रीमंत देशांइतकेच असताना उपचार इतके महाग का, आणि ते स्वस्त करण्याचे मार्ग कोणते, याचा हा आढावा.

वंध्यत्वाचा प्रश्न किती मोठा?

गर्भनिरोधकाशिवाय नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर त्याला जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्व म्हणते. संघटनेच्या लेखी हा प्रजनन संस्थेचा आजार आहे. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. श्रीमंत देशांत हे प्रमाण १७.८ टक्के, तर अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १६.५ टक्के. म्हणजे आजार गरीब-श्रीमंत पाहत नाही. उपचार मात्र पाहतात.

आपल्याकडे या आजाराची झळ दोघांना सारखी बसत नाही. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने कारणीभूत असते. तरीही तपासण्या, नवस आणि टोमणे पहिल्यांदा वाट्याला येतात ते बाईच्याच. ‘वांझ’ हा शब्द तिच्यासाठी आहे. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात तितका बोचरा शब्दच नाही. ओटी भरण्याच्या कार्यक्रमातून वगळणे, माहेरी धाडणे, नवऱ्याचे दुसरे लग्न लावणे हे प्रकार अजून थांबलेले नाहीत. म्हणून ज्या समाजात मूल नसण्याची किंमत बाईला सर्वाधिक मोजावी लागते, तिथे या उपचाराला चैन म्हणणे सोपे असले तरी खरे नाही.

भारतात सुरुवात कुठे झाली?

जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मली. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा नावाच्या मुलीचा जन्म झाला. तेव्हाच्या सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यश आले. त्यांच्या सोबतीला शेजारचीच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) परळमधील प्रजनन संशोधन संस्था होती. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच नंतर मुखोपाध्याय यांची कागदपत्रे अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे जाहीरपणे सांगितले.

हा इतिहास सांगायचे कारण असे, की कोलकाता आणि मुंबई या दोन्ही ठिकाणचे मूळ काम सरकारी पगारावरच्या डॉक्टरांचे होते. तंत्रज्ञान आपल्याकडे उशिरा आले नाही आणि ते बड्या भांडवलाच्या जोरावरही आले नाही. पुढच्या काळात सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेने त्याकडे पाठ फिरवली आणि ती जागा बाजाराने घेतली.

खर्च किती आणि कशाचा?

परळच्या त्याच संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने, अलीकडे या खर्चाचा अभ्यास केला. त्यानुसार आयव्हीएफच्या एका फेरीसाठी जोडप्याच्या खिशातून सरकारी रुग्णालयात सरासरी सुमारे १ लाख १० हजार, तर खासगीत सुमारे २ लाख ३० हजार रुपये जातात. दहापैकी जवळपास नऊ जोडप्यांसाठी हा खर्च कुटुंबाचे कंबरडे मोडणारा ठरतो.

पैसे जातात कुठे? आधी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे तयार केली जातात. या काळात वारंवार सोनोग्राफी होते. मग भूल देऊन बीजे बाहेर काढली जातात, प्रयोगशाळेत त्यांचे फलन होते, तीन ते पाच दिवस भ्रूण वाढवून ते गर्भाशयात सोडले जाते. उरलेले भ्रूण गोठवले, तर त्याचे भाडे वेगळे. इंजेक्शने, इन्क्युबेटर आणि प्रशिक्षित भ्रूणतज्ज्ञ या तीन गोष्टी सर्वांत महाग. सरकारी रुग्णालयात डॉक्टरची फी नसली, तरी औषधे बाहेरून आणावी लागली की बिल फुगते.

शिवाय बिलात न दिसणारा खर्च असतो. केंद्रे मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या जोडप्याला पंधरा दिवस शहरात राहायचे तर खोलीचे भाडे, एसटीचे तिकीट आणि दोघांची बुडालेली मजुरी मोजावी लागते. एवढे करूनही पहिल्या फेरीत यश न मिळण्याची शक्यता मिळण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असते आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे सरकले की ती आणखी वाढते. म्हणून दुसरी, तिसरी फेरी येते. दागिने, मग शेत, मग कर्ज हा क्रम ठरलेला.

विमा आणि सरकारी योजना काय देतात?

बहुतेकांना याचे उत्तर ‘काही नाही’ असेच मिळते. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने आरोग्य विम्यासाठी ज्या प्रमाणित वगळणुका ठरवल्या आहेत, त्यांत सतरावी वंध्यत्वाची आहे. आयव्हीएफ, इक्सी, सरोगसी आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया, सारे तीत येते. विमा कंपनी वाटल्यास हे संरक्षण देऊ शकते आणि काही मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ते मिळतेही. पण साध्या पॉलिसीत त्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देणाऱ्या आयुष्मान भारत योजनेनेही २०१८ मध्ये सुरुवातीपासूनच वंध्यत्व उपचार बाहेर ठेवले. परळच्या संस्थेने या योजनेत एका फेरीसाठी सुमारे ८१ हजार रुपयांचे पॅकेज ठेवावे, असे सुचवले आहे.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. मूल नको असलेल्यांसाठी गोळीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे मोफत, गावापर्यंत पोहोचलेले. १९९४ च्या कैरो परिषदेत मात्र मुले किती आणि केव्हा हवीत हे ठरवण्याचा हक्क जोडप्यांचा आहे, हे आपणही मान्य केले. त्या हक्काची एक बाजू सरकारने गावोगाव नेली आणि दुसरी बाजारावर सोडली.

२०२१ च्या कायद्याने काय बदलले?

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा आणि सरोगसी कायदा जानेवारी २०२२ पासून लागू झाले. केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत बांधले गेले. बीजदात्या स्त्रीवरही बंधने आली : वय २३ ते ३५, स्वतःचे किमान तीन वर्षांचे मूल, आयुष्यात एकदाच दान आणि एका वेळी सातपेक्षा जास्त बीजे काढायची नाहीत.

ही बंधने गरजेची होती. या व्यवसायात गरीब स्त्री बऱ्याच वर्षांपासून आहे, पण रुग्ण म्हणून कमी आणि बीजदाती किंवा सरोगेट म्हणून जास्त. जो उपचार तिच्या शरीरावाचून चालत नव्हता, तो तिला स्वतःला लागला तर मात्र परवडत नव्हता.

कायद्यात रुग्णांच्या उपयोगाची तरतूदही आहे. यशाची शक्यता, धोके आणि खर्च जोडप्याला आधी समजावून सांगणे केंद्रावर बंधनकारक आहे. तक्रार निवारण कक्षही हवा. मात्र दर किती असावेत यावर कायदा गप्प आहे. कोणत्या केंद्रात शंभर फेऱ्यांमागे किती बाळे प्रत्यक्ष जन्मली, हे रुग्णाला एका जागी तपासता येत नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘यश’ म्हणजे गर्भधारणा चाचणी सकारात्मक येणे, की घरी आलेले बाळ, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन्हींत मोठे अंतर असते.

गरीब देशांत कारणेच वेगळी आहेत का?

बऱ्याच अंशी, आणि इथेच स्वस्त उपायाची पहिली किल्ली आहे. आफ्रिका आणि दक्षिण आशियात बीजवाहिन्या बंद होणे हे वंध्यत्वाचे मोठे कारण आहे. क्लॅमिडिया आणि गनोरियासारखे वेळीच न ओळखलेले संसर्ग, असुरक्षित गर्भपात, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग यांनी वाहिन्यांना इजा होते. भारतात त्यात जननेंद्रियांच्या क्षयरोगाची भर पडते. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्याकडे आहेत. हा क्षय खोकत नाही, वजन उतरवत नाही; कित्येकदा बाईला दिवस का राहत नाहीत याचा शोध घेतानाच तो सापडतो. तोपर्यंत वाहिन्या गेलेल्या असतात.

म्हणजे काही हजारांत किंवा मोफत बरा होऊ शकणारा संसर्ग दुर्लक्षामुळे लाखांच्या आयव्हीएफवर जाऊन पोहोचतो. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईची नीट तपासणी आणि तिच्याबरोबर नवऱ्यालाही औषध, हाही वंध्यत्वावरचाच उपाय आहे. त्याची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

आयव्हीएफ स्वस्त करता येते का?

काही प्रमाणात नक्कीच. बेल्जियमचे डॉ. विलेम ओम्बलेट यांच्या ‘वॉकिंग एग’ प्रकल्पाने अमेरिकेतील शास्त्रज्ञ जोनाथन व्हॅन ब्लेर्कोम यांच्या साथीने एक साधी पद्धत विकसित केली. भ्रूण वाढवण्यासाठी ठरावीक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड लागतो. महागडे इन्क्युबेटर आणि वायूंची यंत्रणा लागते ती त्यासाठीच. या पद्धतीत दोन बंद नळ्या जोडतात आणि एका नळीत सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा यांच्या क्रियेतून तो वायू तयार करतात. ढोकळा फुगवणारी हीच क्रिया. या पद्धतीने २०१२ मध्ये बाळे जन्मली आणि पुढे घानासारख्या देशात ती नेण्यात आली. मर्यादा अशी, की शुक्राणूंची संख्या फारच कमी असेल तर ती कामाची नाही. स्त्रीबीजे काढण्याचा खर्चही टळत नाही.

दुसरा मार्ग कमी औषधांचा. महाग इंजेक्शनांचा मोठा डोस टाळून गोळ्या आणि थोडी इंजेक्शने यांवर फेरी केली, तर बीजे कमी मिळतात, पण खर्च आणि शरीरावरचा ताण दोन्ही उतरतात.

तिसरा मार्ग अनावश्यक गोष्टी टाळण्याचा. ‘इक्सी’ हे त्याचे चांगले उदाहरण. यात एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. पुरुषातील गंभीर दोषासाठी हे वरदान आहे. पण आता ते सरसकट केले जाते आणि बिल वाढवते. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरात, शुक्राणू सामान्य असलेल्या १,०६४ जोडप्यांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. इक्सी केलेल्या गटात ३५ टक्के, साध्या आयव्हीएफच्या गटात ३१ टक्के जोडप्यांना बाळ झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. विकसनशील देशातल्या डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांवर उत्तर शोधले, तर पैसे कसे वाचू शकतात हे यातून दिसते.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

जन्मदर घसरल्याने हबकलेल्या चीनमध्ये २०२३ मध्ये बीजिंगने हे उपचार मूलभूत वैद्यकीय विम्यात घेतले आणि नंतर सर्व प्रांतांनी तोच मार्ग धरला. त्यामागे लोकसंख्येचे गणित आहे, तरी सरकारने ठरवले तर विम्याचे दार किती झपाट्याने उघडते, हे त्यातून दिसले.

दक्षिण आफ्रिकेचा धडा वेगळा आहे. केपटाऊनच्या सार्वजनिक रुग्णालयात सवलतीच्या दरात आयव्हीएफ होते, रुग्णाला काही वाटा भरावा लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर पाचांतील एका जोडप्यावर या खर्चाने आर्थिक संकट ओढवल्याचे आढळले. सर्वांत गरीब तृतीयांशात हे प्रमाण निम्म्यावर गेले. सवलत म्हणजे परवडणे नव्हे, एवढे तरी यातून स्पष्ट होते.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत काय स्थिती?

दिल्लीचे एम्स, तिरुवनंतपुरमचे एसएटी रुग्णालय अशी काही केंद्रे आहेत. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू करून मोठे पाऊल टाकले. मुंबईच्या कामा रुग्णालयातही शासकीय केंद्र सुरू झाले. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. पण बारा-तेरा कोटींच्या महाराष्ट्रात एखाद-दुसरे केंद्र म्हणजे लांबलचक प्रतीक्षायादी. आणि या उपचारात वाट पाहण्यासारखे महाग काही नाही. पस्तिशीत नाव नोंदवलेल्या बाईची पाळी अडतिसाव्या वर्षी आली, तर मोफत उपचाराचाही उपयोग निम्मा झालेला असतो.

लोकसंख्या एवढी असताना हा खर्च कशाला?

हा आक्षेप हमखास येतो. त्याला पहिले उत्तर आकड्यांचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा एकूण प्रजनन दर २.० वर, महाराष्ट्राचा १.७ वर आणि गोव्याचा १.३ वर आला आहे. लोकसंख्येचा स्फोट ही भीती आता जुनी झाली. दुसरे उत्तर न्यायाचे. देशाची लोकसंख्या जास्त आहे म्हणून एखाद्या विशिष्ट बाईने निपुत्रिक राहावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

माता मृत्यू, कुपोषण, क्षयरोग यांना पैसे कमी पडत असताना आयव्हीएफ कशाला, हा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे. त्यावर सरसकट मोफत आयव्हीएफ हे उत्तर होऊ शकत नाही. निधी मर्यादित आहे, म्हणून वाटपाला निकष लागणारच : स्त्रीचे वय, फेऱ्यांची संख्या, आधी मूल आहे की नाही. वाटप आजही होतेच आहे; फक्त त्याचा निकष पाकीट हा आहे. तो बदलून वैद्यकीय निकष आणणे, एवढीच मागणी आहे.

मग करायचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२५ मध्ये वंध्यत्वावरील पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत ४० शिफारशी आहेत. सूर असा, की साध्या सल्ल्यापासून सुरुवात करावी आणि पायरीपायरीने आययूआय, आयव्हीएफकडे जावे. आपल्या धोरणाची रचनाही अशीच खालून वर हवी.

पहिली पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. कुटुंब नियोजनाचे रजिस्टर ठेवणाऱ्या आशाताईंना घरोघरची माहिती असते. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन मूल नसलेल्या जोडप्याला टोमण्यांऐवजी सल्ला आणि चिठ्ठी त्यांच्याकडूनच मिळू शकते. दुसरी पायरी उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयाची. नवऱ्याची वीर्यतपासणी, बायकोची सोनोग्राफी, थायरॉइड, क्षयाची शंका असल्यास तपासणी आणि बीजवाहिन्या खुल्या आहेत का याचा एक्स-रे, एवढ्यावर बऱ्याच जोडप्यांचे निदान होते. बीज तयार न होण्याची तक्रार असलेल्या अनेक स्त्रियांना स्वस्त गोळ्यांनीच दिवस राहतात. वीर्यतपासणी तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपी. ती पहिल्या भेटीतच सक्तीची केली, तरी कित्येक बायकांच्या अंगावरच्या विनाकारण तपासण्या आणि शस्त्रक्रिया टळतील.

तिसरी पायरी आयव्हीएफची. प्रत्येक महसूल विभागात किमान एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केंद्र, औषधांची एकत्रित खरेदी, आयुष्मान भारतमध्ये ठरावीक फेऱ्यांचे पॅकेज आणि विम्याच्या वगळणुकीचा फेरविचार, यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतली नाही. त्याबरोबर प्रत्येक केंद्राने वयोगटानुसार जन्मलेल्या बाळांचा आकडा जाहीर करण्याची सक्ती हवी.

हे होईपर्यंत जोडप्यांनी चार प्रश्न विचारायलाच हवेत. आमचे नेमके निदान काय? आयव्हीएफआधी काही साधे करता येईल का? आमच्या वयाच्या जोडप्यांना इथे किती बाळे झाली? औषधांसह एकूण खर्च लेखी द्याल का? उत्तरे मिळणे हा उपकार नाही, कायद्याने दिलेला अधिकार आहे.

केईएमच्या त्या वॉर्डात १९८६ मध्ये जे झाले, ते मुंबईकरांच्या कराच्या पैशातून चाललेल्या रुग्णालयात झाले. त्याचा लाभ त्याच रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लावणाऱ्या बाईपर्यंत पोहोचायला चाळीस वर्षे पुरली नाहीत, याची खंत असायला हवी. तंत्र आपल्याकडे आहे, डॉक्टर आहेत, अभ्यास आणि हिशेबही आपल्याच संस्थेने करून ठेवला आहे. आता अंदाजपत्रकात त्यासाठी एक ओळ हवी.